टोटल टेस्टोस्टेरॉन २.७४ आलंय, इंजेक्शन घ्यायचं का? आधी एसएचबीजी बघा

भाऊ, तुमचा रिपोर्ट दोनदा वाचला. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचं म्हणणं आधी थोडक्यात लिहितो. वय ३४, उंची पाच फूट सहा, वजन ९६ किलो, लग्नाला तीन वर्षं झालीत, लेकरू होईना म्हणून दोघांच्याही तपासण्या चालूयत. दिवसभर थकवा, दुपारी दुकानात बसल्या बसल्या पेंग येते, इच्छा आधीपेक्षा कमी झाल्यासारखी वाटतेय, पण सकाळी उठताना ताठरपणा आठवड्यातून चार-पाच दिवस असतोच. जिमवाल्यानं हार्मोनचं पॅकेज करायला लावलं, त्यात टोटल टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) २.७४, फ्री टेस्टोस्टेरॉन ८.२ आणि त्याच्यापुढं लाल अक्षरात लो, आणि एसएचबीजी, म्हणजे रक्तात टेस्टोस्टेरॉनला धरून ठेवणारं प्रोटीन, १३.६. मग तुम्ही मोबाइलवर २६४ ते ९१६ अशी रेंज वाचली आणि हादरलात की माझं तर तीन पण भरेना. जिमवाला म्हणतोय पंधरा दिवसाला एक इंजेक्शन, तीन महिन्यात फरक. आणि तुम्ही विचारलंय की हे 'अव्हेलेबल' टेस्टोस्टेरॉन म्हणजे नेमकं काय, आणि माझ्या अंगात ते आहे का नाही.

मी लातुरात बावीस वर्षं मेडिसिनची प्रॅक्टिस करतोय. आधी असले रिपोर्ट वर्षातून पाच-सहा दिसायचे, आता आठवड्याला तेवढे येतात, आणि बहुतेक पोरं रिपोर्टच्या आधी इंजेक्शनचं नाव घेऊनच केबिनमधे शिरतात.

सगळ्यात आधी तुमची भीती अर्धी कमी करतो. २.७४ च्या पुढं बारीक अक्षरात काय लिहिलंय बघा, नॅनोग्रॅम पर एमएल. आणि तुम्ही वाचलेली २६४ ते ९१६ ही रेंज आहे नॅनोग्रॅम पर डेसिलिटरमधे. डेसिलिटर म्हणजे शंभर एमएल, म्हणून २.७४ ला शंभरनं गुणायचं, झाले २७४. म्हणजे तुम्ही रेंजच्या आतच आहात, कडेला आहात पण आत आहात. ही चूक करणारे तुम्ही पहिले नाही, मागं एकजण ५.१ बघून रात्रभर झोपला नव्हता, त्याचं ५१० होतं, माझ्यापेक्षा चांगलं. काही लॅब तिसरंच युनिट छापतात, नॅनोमोल पर लिटर, तिथं डेसिलिटरवाल्या आकड्याला २८.८४ नं भागायचं, तुमचे होतात साडेनऊ. तर आकडा वाचायच्या आधी युनिट वाचा, दूध लिटरमधे घेतलं का पावशेरात हे बघितल्याशिवाय भाव कळतो का कधी.

आणि ही २६४ ते ९१६ कुठून आली तेही सांगतो, कारण लोक तिला दगडावरची रेघ समजतात. २०१७ ला अमेरिका आणि युरोपातल्या नऊ हजारांहून जास्त पुरुषांचे आकडे एका मापात आणून, त्यातल्या १९ ते ३९ वयाच्या, लठ्ठ नसलेल्या तब्येतीनं बऱ्या पुरुषांवरून ती काढली. अमेरिकेतले यूरॉलॉजीवाले ३०० धरतात, युरोपातले काही जण ८ नॅनोमोलच्या खाली म्हणजे साधारण २३० च्या खाली नक्की कमी, १२ च्या वर म्हणजे साधारण ३५० च्या वर नक्की ठीक, आणि मधला पट्टा शंकेचा असं मानतात. तुम्ही त्या मधल्या पट्ट्यात आहात. आणि मधल्या पट्ट्यातल्या माणसाचा निकाल टोटलवरून लागत नाही, खरं काम तिथूनच सुरू होतं.

आता सॅम्पलची वेळ बघा. रिपोर्टवर वर कोपऱ्यात आहे, कलेक्शन १२:४०. तुम्हीच लिहिलंय की सकाळी चुरमुऱ्याचा सुशीला खाल्ला, दोन कप चहा घेतला, दुकान उघडलं, मग जाता जाता रक्त देऊन आलो. इथंच अर्धा घोळ झालाय. टेस्टोस्टेरॉन पहाटे-सकाळी सगळ्यात जास्त असतं आणि दुपारपर्यंत उतरत जातं, तरुण माणसात हा उतार चांगला पाचवा-चौथा हिस्सा भरतो. वरून पोटात गोड नि स्टार्च. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून बघितलंय लोकांनी, सरासरी २५ टक्क्यांनी टेस्टोस्टेरॉन घसरतं आणि दोन तास तसंच खाली राहतं. तुमचा चहा किती गोड असतो मला माहिती नाही पण आपल्याकडचा चहा म्हणजे काय ते सगळ्यांना माहितीय. म्हणून नियम असाय की सकाळी सात ते दहाच्या मधे, उपाशीपोटी, आणि कमी आलं तर दुसऱ्या दिवशी परत. पहिल्यांदा कमी आलेल्यांपैकी साधारण तीस टक्के लोकांचं परत केल्यावर नॉर्मल येतं. ताप, डेंग्यू, ऑपरेशन, अॅक्सिडेंट यातून उठल्यावर महिना-दोन महिने ही टेस्ट करूच नये, आजारपणात शरीर हे हार्मोन स्वतःहून खाली आणतं.

बरं आता मूळ प्रश्न, अव्हेलेबल म्हणजे काय.

धरणाचं उदाहरण घेऊ, आपल्या भागात ते कोणाला समजावून सांगावं लागत नाही. जायकवाडीचा एकूण साठा साधारण १०२ टीएमसी, पण पेपरात रोज टक्केवारी येते ती जिवंत साठ्याची, साधारण ७६ टीएमसीची, उरलेला २६ मृतसाठा. आम्ही लातूरकर तर २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यालोत, मांजरा धरणात काय उरलंय हे तेव्हा पानटपरीवरचं पोरगं पण सांगायचं. तर टोटल टेस्टोस्टेरॉन हा एकूण साठा. रक्तात हे हार्मोन मोकळं फिरत नाही, बहुतेक सगळं कुठल्या ना कुठल्या प्रोटीनला धरून असतं. एक भाग एसएचबीजीला चिकटलेला, सेक्स हार्मोन बाइंडिंग ग्लोब्युलिन असं त्याचं पूर्ण नाव, लिव्हरमधे बनतं, आणि ते टेस्टोस्टेरॉनला असं गच्च धरतं की तो भाग पेशींना सहजासहजी मिळत नाही, हा झाला मृतसाठा. दुसरा मोठा भाग अल्ब्युमिन नावाच्या दुसऱ्या प्रोटीनला लटकलेला, ही पकड एसएचबीजीपेक्षा हजारो पटीनं सैल, गरज पडली की सुटतो. आणि दोन-तीन टक्के एकदम मोकळा, तो फ्री. फ्री आणि अल्ब्युमिनवाला मिळून जो होतो त्याला बायोअव्हेलेबल म्हणतात, हा जिवंत साठा.

उदाहरण एका जागी मोडतं, ते पण सांगून टाकतो नाहीतर तुम्ही त्यावरूनच हिशोब कराल. धरणात मृतसाठा ठरलेला असतो. इथं तो प्रत्येक माणसात वेगळा, आणि त्याच माणसात वजन, थायरॉइड, लिव्हर, वय यांच्याबरोबर बदलतो. त्यामुळं दोन माणसांचं टोटल अगदी सारखं असून एकाकडं पाणी भरपूर आणि दुसऱ्याकडं टंचाई असं होऊ शकतं.

तुमचेच आकडे घेऊन दाखवतो. टोटल २७४, एसएचबीजी १३.६, अल्ब्युमिन तुमच्या लिव्हरच्या रिपोर्टमधे ४.४ दिसायलंय. हे तीन आकडे एका सूत्रात टाकले की फ्री निघतं, १९९९ साली बेल्जियमच्या व्हर्म्युलेन यांनी दिलेलं सूत्र आहे, नेटवर त्याचे फुकट कॅल्क्युलेटर आहेत, युनिट तेवढं नीट निवडा. तुमच्या साडेनऊ नॅनोमोलपैकी एसएचबीजीनं धरलेलं साधारण २.९, अल्ब्युमिनवर ६.३, आणि मोकळं ०.२७. पिकोग्रॅम पर एमएलमधे सांगायचं तर फ्री साधारण ७९, टोटलच्या जवळपास तीन टक्के. आता समजा तुमचं टोटल तेच २७४ आहे पण एसएचबीजी १३.६ च्या जागी ४० असतं, तर फ्री निघालं असतं ४७. आकडा तोच, माणसं दोन, आणि त्यातल्या दुसऱ्याला मी गंभीरपणे घेतलं असतं.

४७ आणि ७९ मधली रेघ कुठं? युरोपात ४० ते ७९ वयाच्या पुरुषांचा एक मोठा अभ्यास झाला होता, २०१० ला छापून आला. त्यात टेस्टोस्टेरॉन कमी पडल्याचं निदान करायला त्यांनी तीन गोष्टी एकत्र मागितल्या. टोटल ११ नॅनोमोलच्या खाली म्हणजे साधारण ३२०, फ्री २२० पिकोमोलच्या खाली म्हणजे साधारण ६४ पिकोग्रॅम पर एमएल, आणि वर तीन लक्षणं, इच्छा कमी, सकाळचा ताठरपणा कमी, संबंधाच्या वेळी ताठरपणा कमी. नुसता आकडा चालत नाही आणि नुसती लक्षणं पण चालत नाहीत. ती रेघ वयस्कर लोकांसाठीची आहे, तुमच्या वयाला ७९ म्हणजे काही तुडुंब नाही, पण कोरडं धरण पण नाही, आणि तेही दुपारी पावणेएक वाजता, भरल्या पोटी. सकाळी उपाशी दिलं असतं तर वरच गेलं असतं बहुतेक.

मग रिपोर्टमधे फ्री ८.२ लो का आलंय? इथं मला थोडा राग येतो. फ्री मोजायची खरी पद्धत म्हणजे इक्विलिब्रियम डायलिसिस, झिल्लीच्या एका बाजूला सीरम म्हणजे रक्ताचा पातळ भाग ठेवायचा, दुसऱ्या बाजूला द्रावण, तासन्‌तास थांबायचं, मोकळे कण तेवढे पलीकडं जातात, मग पलीकडचं मोजायचं. वेळखाऊ, महाग, आपल्याकडं फार थोड्या ठिकाणी. म्हणून पॅकेजमधे जे येतं ते 'डायरेक्ट' फ्री टेस्टोस्टेरॉन, रेडिमेड किटवर, मशीनमधे झटपट. त्याची रेंजच मुळात वेगळी, नऊ ते पंचवीसच्या आसपास, जेव्हा डायलिसिसवाली रेंज साधारण पन्नास ते दोनशेच्या घरात असते. म्हणून ८.२ आणि ७९ मधे पॉइंट चुकलाय असं समजू नका, दोन्ही वेगळी मापं आहेत. आणि किटवाली टेस्ट फ्री मोजतच नाही धड, ती बरीचशी टोटलच्या मागंमागं चालते, म्हणजे एसएचबीजी कमी असलेल्या लठ्ठ माणसात, नेमकं जिथं तिची गरज आहे तिथंच, ती खोटं लो दाखवते. एंडोक्राइन सोसायटी या हार्मोनच्या डॉक्टरांच्या संघटनेच्या गाइडलाइनमधे ती वापरू नका असं स्पष्ट म्हटलंय. मी तर रिपोर्टवरच्या त्या ओळीवर पेनानं आडवी रेघ मारतो, पेशंटसमोर. पॅकेजमधे फुकट मिळाली तरी तिच्याकडं बघू नका, त्या पैशात एसएचबीजी करा.

आता तुमचं एसएचबीजी १३.६ का? हा तुमच्या रिपोर्टमधला सगळ्यात कामाचा आकडा आहे, आणि त्याच्यापुढं लाल अक्षर नाही म्हणून कुणी बघितलंच नाही. पोटाचा घेर, लिव्हरमधली चरबी आणि इन्सुलिन नीट न चालणं, या तिन्हींनी लिव्हर हे प्रोटीन कमी बनवतं. एसएचबीजी खाली गेलं की टोटल आपोआप खाली येतं, पण मेंदू टोटल बघत नाही, तो मोकळ्या हार्मोनचा अंदाज घेतो, आणि तो ठीक असेल तर गप्प बसतो. मेंदू अंडकोषाला हुकूम पाठवतो ते दोन हार्मोन म्हणजे एलएच आणि एफएसएच, तुमचं एलएच ४.१ आहे, एफएसएच ३.८, पिट्यूटरीचंच प्रोलॅक्टिन ११, थायरॉइडचं टीएसएच ३.१, सगळं जागेवर. पण त्याच कागदाच्या दुसऱ्या पानावर उपाशी शुगर ११८ आणि एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट) ६.३ आहे, त्यावर तुम्ही एक शब्द लिहिला नाही. ती प्रीडायबेटिसची पातळी आहे, शुगरच्या उंबरठ्यावर आहात तुम्ही. दुपारची पेंग, थकवा, कमी एसएचबीजी, कमी टोटल, हे सगळं एकाच माळेत बसतंय. आणि एक विचारायचं राहिलं, झोपेत घोरता का? बायकोला विचारा, स्वतःला कळत नसतं. घोरणं जोरात असेल, मधेच श्वास अडकून दचकून जाग येत असेल, तर स्लीप अॅप्नियाची तपासणी आधी, त्यात माणूस दहा तास झोपला तरी थकलेलाच उठतो.

एसएचबीजी कमी करणाऱ्या बाकीच्या गोष्टी पण असतात, थायरॉइड मंद असणं, किडनीतून प्रोटीन जाणं, आणि दोन गोष्टी ज्या लोक सांगत नाहीत. एक, जिममधल्या डब्यातलं किंवा सिरिंजमधलं अॅनाबॉलिक स्टेरॉइड, त्यात एसएचबीजी तर पडतंच, एलएच-एफएसएच पण शून्याच्या जवळ जातं. तुमचं एलएच बघून मला वाटतंय अजून काही घेतलेलं नाही, घेतलं असेल तर खरं सांगा, मी काही तुमचा मास्तर नाही. दुसरी, गुडघेदुखीच्या पुड्या. जादूसारखा आराम पडणाऱ्या पुडीत कॉर्टिसोनच्या घरातली गोळी कुटलेली असायची शक्यता असते, ती महिनोन्‌महिने घेतली की चेहरा गोल, शुगर वर आणि टेस्टोस्टेरॉन खाली.

उलट टोकाचा पेशंट सांगतो म्हणजे चित्र पूर्ण होईल. एसटीतून रिटायर झालेले एक काका, वय एकसष्ट, शिडशिडीत, वीस-एक वर्षांपासून फिटच्या गोळ्या चालू, फेनिटॉइन. तक्रार अशी की ताकद गेली, सकाळचं सगळं बंद झालं, आणि बाथरूममधे साधं घसरले तर मनगट मोडलं. आधीच्या ठिकाणी टोटल केलेलं, ५२०, रिपोर्टवर नॉर्मल, आणि त्यांना सांगितलं गेलं की काका वय झालं, मनाचे खेळ आहेत. ते तसं मानून वर्षभर बसले पण. एसएचबीजी करून घेतलं तर ९५. अल्ब्युमिन ३.८. सूत्रात टाकलं तर फ्री ५१, टोटलच्या जेमतेम एक टक्का. एलएच अकराच्या पुढं, म्हणजे मेंदू ओरडायलाय की कमी पडतंय, पण टोटलकडं बघणाऱ्याला ते ऐकू येईना. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन असल्या गोळ्या लिव्हरला कामाला लावतात आणि एसएचबीजी वाढवतात. त्यांच्या न्यूरॉलॉजिस्टशी बोलून गोळी बदलली, हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी केली, पुढचा इलाज वेगळा विषय आहे. तुमचं २७४ आणि त्यांचं ५२०, पण टंचाई त्यांच्याकडं होती.

एसएचबीजी वाढवणाऱ्यांत वय हे मोठं कारण, मग लिव्हर सिरॉसिस, एचआयव्ही, आणि थायरॉइड जास्त चालणं. एका पोराचं टोटल अकराशेच्या वर आलेलं, घरचे म्हणत होते हा नक्की काहीतरी टोचून घेतोय. पोरगं रडकुंडीला आलेलं. हात थरथरत होते, नाडी ११०, वजन उतरलेलं. थायरॉइड निघालं. एसएचबीजी वाढलं की मृतसाठा वाढतो नि एकूण आकडा फुगतो, एवढंच झालं होतं.

केसांच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. बायोटिन असतं त्यात, पाच-दहा मिलिग्रॅमचं, आणि ते तुमच्या शरीरात काही बिघडवत नसलं तरी काही मशीनच्या मोजणीत बिघाड करतं. टेस्टोस्टेरॉन खोटं जास्त आणि एलएच, टीएसएच खोटं कमी असं येऊ शकतं. दोन-तीन दिवस बंद ठेवून मग रक्त द्यायचं.

एलएच-एफएसएच कसं वाचायचं ते थोडक्यात. टेस्टोस्टेरॉन खरंच कमी आणि हे दोन्ही वर, तर बिघाड अंडकोषात, लहानपणचा गालगुंड, मार लागलेला, नाहीतर क्लाइनफेल्टर नावाचा जन्मजात प्रकार, ज्यात अंडकोष लहान नि कडक असतात आणि बऱ्याच जणांना लग्नानंतर लेकरू होईना तेव्हाच कळतं. टेस्टोस्टेरॉन कमी आणि हे दोन्ही कमी किंवा नुसतेच नॉर्मल, तर बिघाड वर, मेंदूतल्या पिट्यूटरीकडं, तिथं प्रोलॅक्टिन, लोह आणि कधीकधी एमआरआय लागतो, विशेषतः टोटल १५० च्या खाली असेल तर. कंबरदुखीसाठी ट्रॅमाडॉलसारख्या गोळ्या रोज खाणाऱ्यांचं पण इथंच दबतं.

आता इंजेक्शन. तुमच्या बाबतीत माझं उत्तर नाही आहे, आणि त्याचं कारण लेकरू. लोकांना वाटतंय की टेस्टोस्टेरॉन वाढलं की वीर्य पण वाढतं. होतं नेमकं उलटं. शुक्राणू तयार व्हायला अंडकोषाच्या आत रक्तापेक्षा कितीतरी पटीनं जास्त टेस्टोस्टेरॉन लागतं, ते तिथल्या तिथं बनतं, एलएचच्या हुकमावर. बाहेरून टोचलं की मेंदूला वाटतं भरपूर आहे, तो एलएच-एफएसएच बंद करतो, अंडकोषाच्या आतला कारखाना थांबतो, आणि काउंट शून्यावर पण जातो. जागतिक आरोग्य संघटनेनं तर हेच इंजेक्शन पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून तपासून बघितलं होतं, इतका भरवशाचा परिणाम आहे. थांबवल्यावर काउंट परत येतो बहुतेकांचा, पण सहा महिने, कधी वर्ष, कधी दोन वर्षं. मागच्या वर्षी एक जोडपं आलं, बाईच्या सगळ्या तपासण्या दोनदा, दुर्बीण पण झालेली, सासू रोज बोलायची, आणि नवरा गुपचूप जिममधून इंजेक्शन घेत होता. काउंट शून्य. त्या बाईच्या चेहऱ्यावरचा राग मला अजून आठवतो. नवऱ्यानं लेखी कबूल करावं अशी तिची मागणी होती, सासूला दाखवायला.

तुम्ही वीर्य तपासणी केली का? तुमच्या कागदात नाही ती. तीन वर्षं लेकरू होईना आणि नवऱ्याची सगळ्यात स्वस्त, सगळ्यात आधी करायची तपासणी झालेली नाही, पण सोळा हार्मोन झालेत, हे आपल्याकडं नेहमीचं आहे. दोन ते सात दिवस संबंध न ठेवता नमुना द्यायचा, लॅबमधेच शक्यतो. काउंट एका एमएलमधे १६ मिलियनच्या वर असावा अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची खालची रेघ आहे, त्याच्या खाली आलं तर यूरॉलॉजिस्ट किंवा अँड्रॉलॉजिस्टकडं जा, तिथं लागलं तर एलएचसारखं काम करणारी औषधं देतात जी कारखाना बंद पाडत नाहीत.

तुमच्या मिसेसच्या पीसीओडीबद्दल पण दोन ओळी लिहिल्यात तुम्ही, की टेस्टोस्टेरॉन नॉर्मल आहे मग हनुवटीवर केस का. तिथं पण तीच कहाणी, एसएचबीजी कमी. टोटल थोडंच असतं पण धरून ठेवणारं कमी म्हणून मोकळं जास्त, त्वचेला नि केसांच्या मुळांना ते लागतं. बायकांमधे टोटल नॅनोमोलमधे घ्यायचं, एसएचबीजीनं भागून शंभरनं गुणायचं, त्याला फ्री अँड्रोजन इंडेक्स म्हणतात, तिथं तो उपयोगी आहे. पुरुषांत तो वापरू नका, एसएचबीजी कमी असलं की उगं फुगून येतो. आणि बायकांमधलं टोटल इतकं कमी असतं की साध्या मशीनला ते नीट मोजता येत नाही, मास स्पेक्ट्रोमेट्री या जास्त अचूक पद्धतीनं करणारी लॅब मिळाली तर तिथं पाठवायला सांगा.

तुम्ही काय करायचं. वजन ९६ वरून ८६-८७ वर आणायचं, एवढ्यानं, साधारण दहा टक्क्यांनी, टोटल ८० च्या आसपास वर सरकलेलं दिसतं लोकांमधे, एसएचबीजी पण वर येतं आणि शुगर परत नॉर्मल होऊ शकते. रात्रीच्या जेवणात चार भाकरीच्या दोन, सोबत शेंगदाण्याचं कालवण थोडं कमी, डाळ जास्त, हुरड्याच्या दिवसात हुरडा खा पण गुळाच्या ढेकळासोबत नको. जिम सोडू नका, जिमवाल्याचा सल्ला सोडा. व्यायाम तो चांगला शिकवत असेल. रविवारी रात्री बसत असाल तर सोमवारी सकाळी रक्त देऊ नका, दारू आणि अपुरी झोप दोन्हीनं आकडा पडतो. शुगरसाठी फिजिशियनला दाखवा या महिन्यातच, सोनोग्राफीत लिव्हरची चरबी बघून घ्या.

शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, म्हणून वजनाचा परिणाम वीर्याच्या रिपोर्टमधे तीन महिन्यांनी दिसेल, पंधरा दिवसांनी परत परत करून पैसे घालवू नका. हार्मोन मात्र आत्ता एकदा परत करा, फक्त टोटल, एसएचबीजी, अल्ब्युमिन आणि एलएच, पॅकेज नको. फ्रीची किट टेस्ट टाकायला लागले तर नाही म्हणा. सकाळी आठला उपाशी जा, ट्यूबवर टाइम लिहिलाय का ते बघूनच उठा. सुशीला घरी आल्यावर खा.